घरच्या घरी लाकडी धनुष्य : भुजांचा वाक कसा साधायचा

घरी केलेलं पहिलं धनुष्य मोडतं तेव्हा दोष लाकडाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, अजून सारख्या वाकत नव्हत्या, तरी धनुष्य पूर्ण ओढून पाहिलं गेलं. एका जागी जास्त वाकणारी भुजा आणखी ओढली की सगळा ताण त्याच जागेवर जातो. तिथले तंतू दबतात, आणि एकदा दबलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक नियम मनाशी पक्का करा. जेवढ्या ओढीला दोन्ही भुजांचा वाक सारखा दिसतो, त्याच्या पुढे धनुष्य ओढायचं नाही. दोष दिसला की तिथेच थांबायचं, तो काढायचा आणि मगच एक इंच पुढे जायचं. थोडं थोडं लाकूड काढून वाक जुळवत नेण्याच्या या कामाला टिलरिंग म्हणतात. धनुष्य घडवण्यातला खरा वेळ यातच जातो, आणि तो द्यावाच लागतो.

पहिलं धनुष्य ३५ पाउंडांचं करा, म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर सुमारे १६ किलो भार येईल असं. लक्ष्यावर बाण मारायला एवढं पुष्कळ आहे, आणि करणाऱ्याला स्वतःलाच ते शांतपणे ओढता येतं. आपली ओढ, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते, हे ठरवायला दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला अडीचने भागा. बहुतेकांची ओढ २६ ते २८ इंच भरते. २७ इंच ओढीसाठी आणि न वाकणाऱ्या मुठीसाठी धनुष्याची लांबी ६८ इंच घ्या, म्हणजे सुमारे १७३ सेंमी. आखूड धनुष्य देखणं दिसतं, पण तेवढ्याच ओढीला त्याच्या लाकडाला जास्त वाकावं लागतं. नवशिक्याने लांबीत काटकसर करू नये.

धनुष्याच्या दोन बाजूंची नावं एकदा ठरवून घेऊ. लक्ष्याकडे असते ती पाठ, धनुर्धराकडे असतं ते पोट. ओढताना पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. पाठीचा तंतू तुटला की धनुष्य फुटतं. पोटाचे तंतू दबले की धनुष्य लगेच मोडत नाही, पण कायमचं वाकडं होतं आणि त्याचा जोर जातो.

लाकूड

धामण हे आपल्याकडचं धनुष्याचं लाकूड. चिवट, लवचिक, हादरा सोसणारं. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी त्याच्या होतात त्या याच गुणामुळे. तिवसही चिवट आहे. बाभूळ मजबूत असते, पण तिचा सहा फूट सरळ तुकडा मिळणं कठीण. सागवानाच्या वाटेला जाऊ नका. दारं-खिडक्यांसाठी ते उत्तम, पण धनुष्याच्या ताणाला ठिसूळ ठरतं. मोठ्या शहरांतल्या काही वखारींत आयात केलेलं ॲश लाकूड मिळतं. त्याची सरळ फळी मिळाली तर पहिल्या धनुष्याला ते फार चांगलं. धामण रानातून तोडून आणायची नाही. वनजमिनीवरचं झाड परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर झाड असेल, तर तोडीच्या परवानगीची चौकशी आधी करावी.

बांबूचं शास्त्र थोडं वेगळं आहे. नंदुरबारकडच्या भिल्लांचा कामठा, म्हणजे धनुष्य, बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची करतात. राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा बांबूच्या धनुष्यांचा स्वतंत्र प्रकार आजही आहे. जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव मानवेल किंवा कोकणातला माणगा कामाचा. बांबूचे सगळ्यात भक्कम तंतू सालीलगत असतात. मी साल पाठीला ठेवण्याच्या बाजूचा आहे. तिला कानस लावायची नाही, पेरांवरच्या उंचवट्यांनाही नाही, आणि लाकूड काढायचं ते फक्त आतल्या बाजूने. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तो मिळवणं सोपं झालं आहे. यापुढे मी लाकडी धनुष्याबद्दलच लिहितो, पण वाक वाचण्याची पद्धत बांबूलाही जशीच्या तशी लागू आहे.

फळी निवडताना तंतूंची दिशा पाहा, बाकी सगळं नंतर. रेषा रुंद बाजूवर आणि कडेवर, दोन्हीकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच कडेबाहेर पडणारी रेष म्हणजे तिथे तंतू कापला गेला आहे, आणि पाठीवर तीच जागा पहिल्यांदा उचकटते. आपल्याकडच्या अनेक लाकडांत वाढीची वलयं स्पष्ट दिसत नाहीत. अशा वेळी फळीवर शाईचा बारीक थेंब टाका. तो तंतूंच्या दिशेने पसरतो. वखारवाला दहा फळ्या उलटवू देत नसेल तर दुसरी वखार गाठा. वाकड्या तंतूंची फळी पुढे कितीही कसबाने घडवली तरी सुधारत नाही. पाठीला सुती कापड चिकटवून तिला आधार देता येतो, पण तो वाईट फळी वापरण्याचा परवाना समजू नये.

ओला ओंडका मिळाला तर त्याची टोकं लगेच रंगाने किंवा मेणाने बंद करा. तो तंतूंच्या रेषेने फाडून त्याचे दोन-चार भाग करा आणि सावलीत वाळवा. वाळला की नाही ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. आठवड्यागणिक वजन उतरत असेल तर पाणी अजून जात आहे. धनुष्याला लाकडात ८ ते १० टक्के ओलावा चांगला. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड आपोआप ९ टक्क्यांच्या जवळ येऊन थांबतं. कोकणातल्या पावसात तेच लाकूड १८ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं. अशा लाकडाचं टिलरिंग केलं तर भुजा कायमची वाकडी होते. उलट विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकूड ५ टक्क्यांखाली जाऊन ठिसूळ होऊ शकतं. कोकणात हे काम थंडीत करावं. विदर्भात उन्हाळा टाळावा.

आखणी

पहिल्या धनुष्यासाठी मी चपट्या, सरळ निमुळत्या भुजेचा आकार सुचवतो. मध्ये १० सेंमी मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुठीची जाडी भुजेत उतरवणारा ५-५ सेंमीचा उतार. उतार संपतो तिथे भुजेची रुंदी ४८ मिमी, आणि तिथून टोकापर्यंत दोन सरळ रेषांनी ती १२ मिमीपर्यंत निमुळती करायची. जाडी मात्र उतारापासून टोकापर्यंत एकसारखी, सुरुवातीला १६ मिमी. मूठ जाड हवी, सुमारे ३५ मिमी. फळी पातळ असेल तर मुठीच्या जागी पोटाकडून त्याच लाकडाचा तुकडा चांगल्या एपॉक्सीने चिकटवा.

हा आकार निवडण्याला कारण आहे. धनुष्य ओढलं की वाकवणारा जोर मुठीजवळ सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे कमी कमी होत जातो. रुंदीही त्याच प्रमाणात कमी होत गेली आणि जाडी तीच राहिली, तर भुजा प्रत्येक ठिकाणी सारखीच वाकते. तिचा आकार वर्तुळाच्या कमानीचा होतो. कमान डोळ्याला ओळखता येते, म्हणून शिकणाऱ्याला हा आकार सोपा जातो. रुंदी टोकापर्यंत एकसारखी ठेवून जाडी कमी करत नेलेल्या धनुष्यात बाहेरचा भाग जास्त वाकायला हवा, आणि तो किती जास्त हे ओळखायला सवय लागते. रुंद भुजा ही नवी युक्ती नाही. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांच्या भुजा रुंद, चपट्या आहेत. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोज या इंग्रज जहाजावरची धनुष्यं अरुंद आणि जाड होती, पण ती यू लाकडाची. दाब सोसण्यात यूची बरोबरी करणारी लाकडं थोडी आहेत. साध्या लाकडाला रुंदी द्यावी लागते.

कडा करवतीने कापून रंध्याने सरळ करा. मुठीच्या मध्यातून टोकापर्यंत मध्यरेषा ओढा आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका. टोकापासून १२ मिमी आत, दोन्ही कडांना गोल कानशीने दोरीसाठी तिरक्या खाचा करा. खाच पाठीवर आडवी उतरू द्यायची नाही. पाठीच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने गोलसर करा, कारण तीक्ष्ण कडेवरूनच चिरफळी सुटते. यानंतर पाठीला हत्यार लावायचं नाही. सगळं लाकूड पोटाकडून निघेल.

जाडी कमी करताना एक गणित डोक्यात ठेवा. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. १३ मिमीची भुजा १२ मिमी केली की तिचा ताठपणा सुमारे एकपंचमांशाने उतरतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात कागदाइतका थरही वाक बदलतो. रंधा १४ मिमीपर्यंत चालवा. त्यानंतर फक्त कानस, आणि शेवटी खरवडणी. सुतार मंडळी काचेच्या धारदार तुकड्याने लाकूड खरवडतात तसं करता येतं, पण हातमोजे घालून. व्हर्नियर हाताशी असू द्या आणि दर १० सेंमीवर दोन्ही कडांची जाडी मोजत चला.

टिलरिंग

पहिली तपासणी जमिनीवर. एक टोक जमिनीवर टेकवा, मूठ धरा आणि हलका जोर देऊन भुजा वाकवून पाहा. धनुष्य उलटून दुसरी भुजाही तशीच पाहा. इथे ओबडधोबड गोष्टीच कळतात. मुठीजवळचा भाग मुळीच वाकत नाही, किंवा टोकच तेवढं वाकतं. एवढं ठीक झालं की लांब दोरी लावा. ही धनुष्यापेक्षा थोडी लांब असते, म्हणजे धनुष्य न वाकवता ती खाचांत बसते. दोरी कमी ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची असावी, डॅक्रॉनचे बारा पदर पुरतात. नायलॉन नको. ते स्वतःच ताणतं आणि तुम्हाला चुकीचं वाचायला लावतं.

भिंतीवर छातीच्या उंचीला एक भक्कम लाकडी ठोकळा बसवा आणि त्यावर धनुष्याची मूठ आडवी टेकवा, पाठ वरच्या बाजूला. खाली जमिनीलगत कप्पी. दोरीच्या मध्यावर आकडा, आकड्याला ताणकाटा, तिथून दोर कप्पीतून दोन-तीन मीटर दूर तुमच्या हातात. हे अंतर सोयीसाठीही आहे आणि जिवासाठीही. मोडणाऱ्या धनुष्याचे तुकडे कुठेही उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि आजूबाजूला मुलं नकोत. मागच्या भिंतीवर आडव्या-उभ्या रेषांची चौकट आखली तर दोन्ही टोकं सारखी खाली येतात की नाही ते दुरूनच दिसतं. फोन समोर ठेवून फोटो काढा. प्रत्यक्ष पाहताना डोळा ओळखीचा आकार माफ करतो, फोटो उलटा करून पाहिला की दोष लपत नाही.

आता लेखाच्या सुरुवातीच्या नियमाचा दुसरा भाग. टिलरिंगच्या कोणत्याही टप्प्यावर ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त ओढायचं नाही. ३५ पाउंड ठरवले आहेत ना, तर काटा ३५ वर आला की थांबा, मग दोरी चारच इंच उतरलेली असो. एवढ्या वजनाला भुजा फारशा वाकत नसतील तर सबंध लांबीवर एकसारखं लाकूड काढा. आणखी जोर लावून ‘जरा सैल करू’ हा मोह घातक आहे. जो ताण धनुष्याला आयुष्यात कधी घ्यायचा नाही, तो त्याला आत्ता देऊन काहीच मिळत नाही.

लाकूड काढल्यावर लगेच निर्णय घेऊ नका. सध्याच्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढा-सोडा करा. नवा वाक उमटायला लाकडाला एवढा सराव लागतो. सराव न देता पुन्हा कानस मारली तर आधीच्या कामाचा परिणाम नंतर दिसतो आणि भुजा नको इतकी नरम होते. मला विचाराल तर संपूर्ण कामात सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट हीच.

वाक वाचायला एक छोटं साधन करा. १५ सेंमी लांब, अगदी सरळ कडेचा लाकडी तुकडा घ्या आणि मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्य थोड्या ओढीवर अडकवून हा तुकडा पोटावर ठेवला की त्याची दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. सर्वांत जास्त वाकलेल्या जागी पेन्सिल जेमतेम टेकणार नाही इतकी बाहेर काढा. मग तुकडा भुजेवरून हळूहळू सरकवा. जिथे पेन्सिल उमटेल तिथे भुजा कमी वाकते. लाकूड त्या खुणांवरूनच काढायचं. आपल्या निमुळत्या, एका जाडीच्या भुजेला ही युक्ती नेमकी लागू पडते, कारण तिचा वाक सगळीकडे सारखाच हवा आहे. अपवाद दोन. मुठीचे उतार वाकायला नकोत, आणि टोकाचा शेवटचा वीतभर भाग थोडा ताठ राहिला तर बाणाला वेग चांगला मिळतो.

एखाद्या जागी भुजा कोन केल्यासारखी मोडून वाकते, तिला बिजागरी म्हणतात. तिच्यावर पेन्सिलने मोठी फुली मारा आणि त्या जागेला हात लावू नका. दोष तिथे दिसतो, काम मात्र तिच्या दोन्ही बाजूंना असतं. शेजारचं लाकूड काढत जायचं, शेजार तेवढाच वाकू लागेपर्यंत. यात धनुष्याचं वजन उतरतं. ३५ चं २८ झालं तरी स्वीकारा. सारखं वाकणारं २८ पाउंडांचं धनुष्य वर्षानुवर्षं चालतं, आणि बिजागरी घेऊन फिरणारं ३५ चं कधीही धोका देतं. गाठीजवळ उलट काळजी घ्यायची. तिथे रुंदी-जाडी थोडी जास्त सोडायची आणि ती जागा थोडी कमी वाकू द्यायची.

एक अख्खी भुजा ताठ असेल तर तिच्यावर टोकापासून उतारापर्यंत सलग, एकसारखे कानशीचे हात फिरवा. एका जागी घासत बसू नका. भुजा पिळवटत असेल तर आधी दोन्ही कडांची जाडी मोजा. दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो.

लांब दोरीवर ३५ पाउंडांना दोन्ही टोकं पाच-सहा इंच सारखी उतरू लागली की खरी दोरी चढवा. आधी फक्त ७-८ सेंमी उंचीवर, म्हणजे दोरी आणि मुठीचं पोट यात तेवढंच अंतर. दोरी चढवताना धनुष्य पायात अडकवून पिळू नका, त्याने भुजा मुरगळते. दोन्ही टोकांना बसणारी चढवण्याची दोरी वापरा. धनुष्य भिंतीशी उभं करून दोन्ही भुजांवर सारख्या अंतरांवर दोरीपासून पोटापर्यंत मोजा. सगळं जुळलं की दोरी आखूड करत १५ सेंमी उंचीवर आणा. वरच्या भुजेच्या उतारापाशी हे अंतर खालच्यापेक्षा ३ ते ५ मिमी जास्त हवं. बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटं ठेवून ओढणाऱ्यासाठी खालची भुजा एवढी ताठ असावी. तीनही बोटं बाणाखाली ठेवणाऱ्यांना दोन्ही भुजा जवळजवळ सारख्या चालतात.

इथून पुढे एकेक इंच. काट्यावर ३५ आले, ओढ २० इंच. सबंध पोट खरवडा, सराव द्या, पुन्हा मोजा. ३५ आता २१ इंचांवर. शेवटच्या दोन इंचांत कानस बाजूला ठेवा आणि फक्त खरवडा, मग बारीक पॉलिश पेपर. त्याही घासण्याने पाउंड-दीड पाउंड उतरतं, म्हणून २६ इंचांना ३५ आले की टिलरिंग थांबवा आणि उरलेला इंच घासण्यावर आणि सरावावर सोडा.

मधूनमधून दोरी उतरवून धनुष्य सपाट फळीवर ठेवून पाहा. ते पोटाकडे थोडं वाकडं राहिलेलं असेल. एक-दीड इंच वाकडेपणा लाकडाला शोभतो. दोन इंचांच्या वर गेला तर लाकूड ओलं आहे किंवा त्याला झेपत नाही, मग ओढ कमी ठरवा. पोटावर आडव्या बारीक चुण्या दिसल्या तर तिथले तंतू दबले आहेत. ती जागा आणखी वाकू देऊ नका, शेजार नरम करा. पाठीतून तड् असा आवाज आला की ओढणं तिथल्या तिथे थांबवा आणि भिंग घेऊन पाठ तपासा. उचकटलेली चिरफळी आरपार जात असेल तर ते धनुष्य पुन्हा ओढू नये.

पहिले बाण

रिकामी दोरी ओढून कधीही सोडायची नाही. बाणात जाणारी सगळी शक्ती भुजांत परत येते आणि चांगलं धनुष्यही फुटतं. फार हलका बाणही याच जातीचा. ३५ पाउंडांना २२-२३ ग्रॅम वजनाचा बाण ठेवा. पहिले बाण अर्ध्या ओढीने, मागे माती किंवा गवताच्या पेंढ्यांचा भक्कम आडोसा असलेल्या जागी. हे धनुष्य लक्ष्यासाठी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे, मग हत्यार कोणतंही असो.

शंभरेक बाण मारून झाले की धनुष्य पुन्हा भिंतीवरच्या ठोकळ्यावर चढवून फोटो काढा आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहा. नव्या धनुष्याचा वाक या काळात थोडा सरकतो. दोन-चार वेळा खरवडणं लागलं तर ते आत्ताच करा, लेप देण्यापूर्वी. लेपासाठी जवसाचं तेल सुंदर दिसतं, पण दमट हवेला पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात जास्त अडवतात. खाचांच्या आत आणि टोकांवरही लेप हवा, कारण ओलावा उघड्या टोकांतून लवकर शिरतो. बाण मारणं संपलं की दोरी उतरवा. धनुष्य कोपऱ्यात उभं टेकवून ठेवू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. पावसाळ्यात ते नरम लागेल, काटा दोन-तीन पाउंड कमी दाखवेल. त्या दिवसांत टिलरिंगला हात लावू नका आणि पूर्ण ओढही टाळा. वजन पुन्हा मोजायचं ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.